होडीच्या रंगाची चाकं

आमच्या खळ्यात तुळशीच्या पलीकडे एक लष्करी ट्रक उभा असतो. घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी तुळशीकडे बघतो, मग ट्रककडे, मग माझ्याकडे. मी आपली सांगून टाकते, "ती माझी सवत. पाया पडू नका, पण लाथही मारू नका, आमच्या ह्यांना राग येतो."

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी ट्रकवर गेली, कधी बर्फात, कधी वाळवंटात. रिटायर होऊन घरी आले तेव्हा मी पडवीला लादी घालायची स्वप्नं बघत होते. गावातले बाकीचे फौजी परत आले की घर दुरुस्त करतात, हापूसची कलमं लावतात, देवळाच्या कमिटीवर जातात. आमच्या ह्यांनी काय करावं? फौजेने मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव होता तिथे गेले आणि आयुष्यभर ज्या जातीची गाडी चालवली, तीच घेऊन आले. मिठबावच्या रस्त्यावरून तो हिरवा डोंगर आमच्या पाणंदीत वळला, शेजाऱ्यांच्या माडाची दोन झावळं मोडली आणि खळ्यात येऊन थांबला. हे खाली उतरले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "कशी आसा?"

"कोण?"

"गाडी गो!"

"आणि लादी?"

"लादी खंय पळान जाता?"

झालं. त्या रात्री मी त्यांना जेवायला वाढलं, पण तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढचे कित्येक दिवस काढला नाही. आमटीत मीठ कमी असलं तर त्यांनी हातवारे करायचे आणि मी मिठाचा डबा आपटायचा. मला वाटायचं, न बोलण्याइतकी मोठी शिक्षा जगात नाही.

पण खरं सांगायचं तर गाडी कामाची निघाली. मसुऱ्याच्या बाजूच्या खाणीतून चिरे आणायचे, ते साध्या ट्रकला जमत नाही अशा चढाच्या वाडीत पोचवायचे. आणि मे संपत आला की किनाऱ्यावरच्या होड्या ओढून वर घ्यायच्या. चारही चाकांना इंजिनाची ताकद, त्यामुळे वाळूत ती कधी रुतली नाही. पूर्वी एकेका होडीला अख्खी वाडी लागायची, आता एक दोरखंड बांधला की होडी गाडीमागून गुमान वर येते.

फक्त चाकं म्हणजे तान्ह्या पोराची सेवा. माझ्या छातीपर्यंत येणारं एकेक चाक, आणि ह्यांना मदतीला हक्काचा माणूस कोण, तर मी. दर रविवारी हातोडा घेऊन फिरायचं आणि प्रत्येक टायरवर ठोकून आवाज ऐकायचा. नारळ वाजवून आत पाणी आहे की नाही बघतो, तसंच. बद्द वाजला की हवा कमी. मग कधीतरी आसाची टोकं उघडायची, आतले बेअरिंग काढायचे, रॉकेलने धुवायचे. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि त्यावर बेअरिंग दाबत राहायचं, पलीकडच्या फटीतून नवीन ग्रीस डोकावेपर्यंत. हे काम माझ्या हाताला ह्यांच्यापेक्षा बरं बसलं. मोदकाच्या पाऱ्या करणारा हात आहे, त्याला किती दाबायचं ते कळतं. ह्यांनी एकदा माझं ग्रीस भरलेलं बेअरिंग उजेडात धरून बघितलं आणि "शाब्बास" म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात मोदकांना कधी शाब्बास म्हणाले नाहीत!

आणि पाणी. समुद्रावर जाऊन आली की गाडी खालून धुवायची, नाहीतर खार सगळं लोखंड खातो. आमच्या दाराची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. तर गाडीला वरच्या वाडीतलं गोडं पाणी आणायचं. म्हणजे मी अंघोळ करायची मचूळ पाण्याने आणि सवतीचे पाय धुवायचे गोड्या पाण्याने. आता काय बोलायचं!

धुताना हे गाडीशी बोलायचे, तेही हिंदीत. "पाँव इधर कर, बेटा." मी विचारलं, हिच्याशी हिंदी कशाला? तर म्हणाले, "फौजेतली आसा ती. तिका मालवणी खंय कळता?"

चाकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवली, आणि तेव्हा ते हसत नव्हते. ह्या गाडीच्या चाकाचं लोखंड अखंड नसतं. दोन ताटं समोरासमोर ठेवावीत तशी दोन अर्धी, मधे टायर, आणि ती नटांनी एकमेकांना आवळलेली. त्यामुळे चाकावर नटांची दोन वर्तुळं दिसतात. आतल्या वर्तुळाचे नट चाक आसाला धरून ठेवतात, चाक उतरवायचं तर तेच काढायचे. बाहेरच्या वर्तुळाचे नट ती दोन ताटं धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना हे बाहेरचे नट कुणी काढले, तर आतली हवा ते लोखंड तोफेतून सुटल्यासारखं उडवते. ह्यांच्या तरुणपणी ह्यांच्यासमोर एक जण असाच गेला होता. तेवढं एकदा बोलले, परत कधी नाही.

म्हणून बाहेरच्या नटांना लाल रंग, आतल्यांना काळा. दर दसऱ्याला हे स्वतः छोटा ब्रश घेऊन बसायचे आणि एकेक नट लाल करायचे. मला म्हणायचे, "लाल दिसलो काय हात मागे. देव जरी सांगूक इलो, तरी लालाक हात लावचो नाय." मी एखाद्या वेळी पाना घेऊन चुकीच्या बाजूला वळलेच, तर पाठून नुसतं "लाल!" यायचं. आम्हा दोघांत तो एक शब्द पुरायचा.

मागच्या वर्षी गणपती गेले आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी ह्यांच्या हातातून चहाचा कप पडला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. ओरोसच्या जिल्हा हॉस्पिटलात नेलं, जीव वाचला. हळूहळू काठी घेऊन चालायला लागले. समजायचं सगळं, अगदी माझे टोमणेसुद्धा. पण तोंडातून शब्द निघेना. डॉक्टर म्हणाले, बोलतं करा, चित्रं दाखवा. मी बालवाडीतला तक्ता आणला. गाय दाखवली, केळं दाखवलं, सफरचंद दाखवलं. ज्या माणसाने बर्फातून ट्रक काढले त्याच्यासमोर मी केळं धरून "के, के" करत बसायचे. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा केळ्याकडे, आणि भिंतीकडे तोंड करायचे.

मी दिवसभर बडबड करायचे, कारण घर गप्प झालं की मला भीती वाटायची. बाकी सगळं मी निभावलं असतं. मला एकच धास्ती होती, की ह्यांचा आवाज मला ह्या जन्मात परत ऐकायला मिळणार की नाही. आणि मी मूर्ख, एका लादीसाठी ह्याच माणसाला हातवारे करायला लावले होते.

त्या दसऱ्याला गाडीकडे बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. माझा धाकटा दीर बाजूलाच राहतो, त्याची मासेमारीची होडी आहे. भावावर त्याचा भारी जीव. दादाची गाडी दसऱ्याला तशीच राहू नये म्हणून त्याने काय करावं? होडी रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट होता, तो घेऊन आला आणि चारही चाकं रंगवून टाकली. रिंगा निळ्या, नट निळे, वर मधोमध पिवळा ठिपका. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, काढतात तसा! झेंडूचा हार घातला आणि मला बोलावलं.

"बघ वयनी, कशी नवरीसारखी दिसता!"

मी एवढी थकले होते, मी म्हटलं, "बरी दिसते रे." त्याचे डोळे भरून आले होते, त्याला काय बोलणार? हे पडवीतून बघत होते. घशातून काहीतरी घरघर केली आणि डावा हात हलवला. आम्हाला वाटलं, खूश झाले.

मग मे महिना आला. हवा कुंद झाली, आणि सगळ्यांनी होड्या पूर्वीसारख्या हातांनी ओढून वर घेतल्या तरी दिराची अजून खालीच होती, कारण तो गाडीची वाट बघत होता. त्यात वादळी वाऱ्याची बातमी आली. पुढची मोठी भरती होडीला गाठणार हे नक्की होतं. दीर म्हणाला, "वयनी, गाडी काढूया. मी चालवतंय, चाकांचा तू बघ."

चाकांचं मी बघितलं. सगळ्यांत हवा भरून घेतली, ठोकून आवाज ऐकला. ह्यांना दोघांनी उचलून केबिनमध्ये बसवलं. डावा हात त्यांनी पुढच्या पत्र्यावर ठेवला आणि पाणंद संपेपर्यंत उचलला नाही. किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची मांडून त्यांना बसवलं, आणि गाडी वाळूत उतरली.

थोडं पुढे गेली आणि मागचं डावं चाक फिरेना. सात-आठ महिने खाऱ्या हवेत उभी, ब्रेक आतून चिकटलेला. चाक नांगरासारखं वाळूत ओळ काढत चाललं. म्हणजे चाक उतरवायचं, आतला ड्रम ठोकून सोडवायचा, तेव्हा गाडी चालणार. आणि भरती तर चढायला लागलेली.

रापणीची माणसं तिथेच होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं लांबलचक जाळं. ओढण्यात ह्या लोकांचा हात कोण धरणार? त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या काकांनी आधी गाऱ्हाणं घातलं, त्याशिवाय आमच्याकडे काडीला हात लागत नाही. "बा देवा म्हाराजा, ही जी काय आमची होडी आसा, ती सुखरूप वर येवंदे, आणि ह्या गाडयेचा जा चाक अडकला हा, ता मोकळा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मी साडी खोचली आणि गाडीखाली शिरले. वाळूत जॅक बुडतो, म्हणून आसाखाली फळी बसवायला मलाच जायला हवं होतं. पाय तेवढे बाहेर, डोकं चाकाच्या आतल्या बाजूला. आतूनच म्हटलं, "तोपर्यंत नट सैल करून घ्या!"

आता ह्या लोकांनी काय करावं? पाना लावला, पान्याच्या दांड्याला लोखंडी नळी चढवली, नळीला दोर बांधला आणि रापण ओढतात तसे दोरावर ओळीने उभे राहिले! "होऽऽ हैसा!" नट किंचाळला आणि सुटला. वर टाळ्या. मलाही खाली बरं वाटलं. "होऽऽ हैसा!" दुसरा. तिसरा. मी फळीखालची वाळू सारखी करत होते आणि मनात म्हणत होते, काय ताकदीची माणसं ही, देव त्यांचं भलं करो.

तेवढ्यात आवाज आला.

"लाऽऽल!"

फाटका, दाटलेला, गंजलेल्या बिजागरीसारखा. पण मी तो समुद्राच्या तळाशी असते तरी ओळखला असता.

वर सगळं थांबलं. कुणीतरी म्हणालं, "कोण बोललो?"

"दादा! दादा बोललो रे!" हा माझा दीर.

"लाल म्हणता. लाल काय?"

"हय तर लाल कायच नाय. सगळा निळा आसा."

"वादळाचो बावटो लावल्यानी की काय?" आणि सगळेच्या सगळे समुद्राकडे बघायला लागले, कुठे लाल बावटा दिसतो का.

मी वाळूत उताणी, डोक्याशी ते चाक. काय झालं ते मला तेव्हा कळलं. बाहेरचे नट! निळ्या रंगाखाली लाल आणि काळं सगळं एक झालेलं, आणि ही माणसं जाळं गोळा करतात तशी बाहेरून सुरुवात करून आत येत होती. "पानो सोडा!" मी किंचाळले. "सोडा मेल्यांनू, मागे सरा! चाकासमोर कोण उभो रवान नको!" आणि पलीकडच्या बाजूने सरपटत बाहेर आले.

तीन नट कुणाच्या तरी टोपीत नीट ठेवलेले. चौथ्यावर पाना. आणि दोन लोखंडी ताटांच्या मधे नखाएवढी फट. बस्स, तेवढीच. अजून दोन-तीन "हैसा" झाले असते तर हे सांगायला मी नसते, आणि ऐकून हसायला रापणीची निम्मी माणसं नसती.

सगळ्यांना लांब पिटाळलं, टायरच्या पाठीकडून हात घातला आणि हवा सोडली. फुस्स करून कुबट रबराचा वास सुटला. ती सुटेपर्यंत मी रामाचं, भराडीदेवीचं, दिसेल त्या देवाचं नाव घेतलं. चाक पार बसलं. मग सगळ्यांना समजावून सांगितलं, दाखवलं, निळा रंग नखाने खरवडून खालचा लाल दाखवला.

दीर वाळूत बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "वयनी, मी केलंय गो ह्या. मी रंगयलंय." मी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि मग त्यालाच जवळ घेतलं. प्रेमानेच केलं होतं त्याने, दुसरं काय?

तिकडे हे खुर्चीतून अर्धे उठून, काठी चाकाकडे रोखून "लाल, लाल, लाल" करत होते. मी धावत गेले. "अहो, कळलं मला. सोडली हवा. कळलं." त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, ते चाक उतरून, ड्रम सुटून, गाडीवरचं जादा चाक चढेपर्यंत सोडलंच नाही. कामाची बाई मी, पण त्या दिवशी चाक माझ्याशिवाय चढलं. मी खुर्चीशेजारी उभं राहून नुसती ओरडत होते, "आतले नट! आतले!"

भरतीचं पाणी होडीला लागायला आणि दोरखंड ताणला जायला एकच गाठ पडली. होडी वर आली. काकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, त्यात ह्यांची वाचाही घातली, "जशी ही होडी वर इली, तशी आमच्या फौजीची वाचा येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाल," हे म्हणाले. अख्खी रापण लोळण घेऊन हसली, आणि हेही हसले. तोंड एका बाजूला वाकडं झालं, पण हसले.

पुढचे दिवस आमच्याकडे सगळंच लाल होतं. चहा लाल, पंखा लाल, दीर लाल. तक्ता काढला तर गाय लाल, केळं लाल. सफरचंदाला लाल म्हणाले तेव्हा मी पैकीच्या पैकी मार्क दिले. शेजारणी चिडवायच्या, "इतक्या महिन्यांनी घोव बोललो, आणि बोललो काय, तर गाडयेचा! तुझा नाव नाय घेतल्यान तो!" मीही हसायचे. पण खोटं कशाला बोलू, थोडं लागलंही होतं. म्हटलं, सवत जिंकली.

मग एक दिवस भांडी घासता घासता माझ्या लक्षात आलं. किनाऱ्यावर लाल असं काहीच नव्हतं. तो शब्द तिथे कुणालाच कळणार नव्हता, आणि कळलाही नाही. कळणारं माणूस एकच होतं, ते गाडीखाली होतं आणि त्याचे दोन पाय तेवढे ह्यांना खुर्चीतून दिसत होते. हातातलं पातेलं तसंच ठेवून मी पडवीत जाऊन त्यांच्याकडे बघून आले. ते पेपर बघत होते.

पावसाच्या आधी दीर आणि मी चाकं खरवडायला बसलो. दिराने निळा रंग काढला, मी लाल डबा उघडला. हे खुर्ची पुढे घेऊन देखरेखीला. पहिला नट लाल केला, दुसरा केला, आणि मला खोडी काढायची लहर आली. ब्रश पुसला, दिराच्या उरलेल्या निळ्या डब्यात बुडवला आणि तिसऱ्या नटाजवळ नेला.

काठी जमिनीवर आपटली. "लाल!"

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"लाल!"

"निळा? बरं, निळा तर निळा."

ह्यांचा चेहरा रागाने फुलला. जीभ कुठेतरी अडकली, सुटली, पुन्हा अडकली, आणि मग सगळा जोर लावून म्हणाले, "लाल गो!"

दिराचा हात थांबला. माझाही. लग्न झाल्या दिवसापासून मला ज्या एका अक्षराने हाक मारत आले होते, ते अक्षर होतं ते.

मी ब्रश पुसला, लाल डब्यात बुडवला आणि नट रंगवायला लागले. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालेलं, रंग नटावर कमी आणि रिंगवर जास्त सांडला. ते ह्यांनी बघितलं आणि पुन्हा काठी आपटली.